एवढीच गाणी आहेत का गं?

ओहायोत पोरांना लायसन्स मिळायच्या आधी आईबापांना शेजारी बसवून ५० तास गाडी चालवावी लागते, त्यातले १० तास अंधारात. आमच्या घरी हे ५० तास माझ्या वाट्याला आले, कारण नवरा शेजारच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबत राहतो आणि लेकीचं डोकं फिरतं. मार्चमधली संध्याकाळ होती. रस्त्याकडेला काळपट पडलेले बर्फाचे ढीग, बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने दारापर्यंत पांढरी झालेली गाडी, आणि स्टिअरिंग सुटून पळून जाईल अशा धास्तीने ते दोन्ही हातांनी आवळून बसलेली माझी सोळा वर्षांची मुलगी. रेडिओवर, माझ्या गाडीत कायम असतं तसं, क्लासिक रॉकचं, म्हणजे फक्त जुनं रॉक लावणारं स्टेशन. बोस्टन नावाच्या बँडचं 'मोअर दॅन अ फीलिंग' सुरू झालं. ते गाणं लांबून येतं, वळणापलीकडून एखादी मालगाडी यावी तसं. आधी बारीक, मग एकदम अंगावर. माझ्या बोटांनी आपसूक मांडीवर ताल धरला. लेकीने रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, "आई, हे सकाळी टायरच्या दुकानात पण लागलं होतं ना? आणि परवा ग्रोसरीत. यांच्याकडे एवढीच गाणी आहेत का गं?"

"असतील की तीन-चारशे," मी म्हणाले. तेवढ्यात लाल दिवा आला आणि विषय तिथंच राहिला.

तिच्यापुरता राहिला. माझ्या मात्र तो मागे लागला. रात्री ओट्यावर हात फिरवताना, दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना, ते 'एवढीच' कानात खडा अडकावा तसं खुपत होतं. कारण ती गाणी एवढीच का आहेत, याचा थोडासा दोष माझ्याकडे जातो. थट्टा नाही. २००६ साली विमानतळाजवळच्या एका हॉटेलात मी त्याच कामासाठी तीन तास बसले होते, आणि त्याचे मला ६५ डॉलर मिळाले होते.

हा रेडिओ माझ्या गळ्यात पडला तो नाइलाजाने. २००३ साली पुण्याहून क्लीव्हलंडला आलो तेव्हा आम्ही एक जुनी कोरोला घेतली. तिच्या कॅसेट प्लेअरमध्ये आधीच्या मालकाची कुठलीशी कॅसेट अडकून बसली होती, ती शेवटपर्यंत बाहेर आली नाही. उरला एफएम. माझी दुपारची पाळी. जाताना उजेड, येताना मध्यरात्र. पहिल्या हिवाळ्यात गाण्यातला एक शब्द कळत असेल तर शपथ. पण ती गिटार कळायची, आणि याचं कारण सांगायला मला मिरजेला जावं लागेल.

शाळेची वाट सतारमेकर गल्लीवरून होती. दुकानांच्या ओट्यांवर पंढरपूरकडून आलेले भोपळे पडलेले, आत कुणीतरी तंबोरा आडवा घेऊन जवारी लावत बसलेलं. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, पुन्हा कानस, पुन्हा तार. मग तारेखाली दोऱ्याचा तुकडा केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तो नेमका बसला की इतका वेळ ठणठणीत कोरडी वाजणारी तार बोलायला लागते. एका सुराच्या पोटातून आणखी चार सूर गुणगुणत बाहेर येतात. आम्हा मुलींना त्यातलं शास्त्र काही ठाऊक नव्हतं, पण तार बोलली की मान आपोआप हलायची. पुढे कित्येक वर्षांनी, बाहेर उणे बारा, काचेवर आतल्या बाजूने गोठलेला श्वास, आणि रेडिओवर लेड झेपेलिन या इंग्लिश बँडची गिटार. माझ्या मनात आलं ते एवढंच, की अरे, हिची जवारी किती उघडी लावलीय! लॅबमधल्या एका सहकाऱ्याने नंतर समजावलं की अँप्लिफायरला झेपणार नाही इतका आवाज त्यात कोंबतात, मग सूर कडेला फाटतो आणि त्या फाटलेल्या जागेतून वरचे स्वर निघतात. मी त्याला जवारीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, झेपेलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँटला हे सांगायची गरज पडली नसती. १९७२ साली ते मुंबईत आले होते, आपल्याकडच्या वादकांना घेऊन स्वतःची दोन गाणी त्यांनी तिथं नव्याने रेकॉर्ड केली होती, आणि कुलाब्याच्या एका क्लबात वाजवूनही गेले होते. खरंच निघालं ते. २०१५ साली ती रेकॉर्डिंगं अधिकृतपणे बाहेर आली.

शब्द पुढे हळूहळू आले. जवारी आधी ओळखीची निघाली.

पहिल्या वर्षातली माझी एक फजिती अजून घरात काढली जाते. दुपारी पाळीला निघालं की रेडिओवर एक माणूस बोलायचा. खर्जातला, कसलीही घाई नसलेला आवाज. पारावर बसून बोलावं तसा. नाव मायकल स्टॅनली. आणि त्याच स्टेशनवर मायकल स्टॅनली बँड नावाच्या बँडची गाणीही लागायची, 'लव्हर', 'माय टाउन', अगदी झेपेलिन आणि रोलिंग स्टोन्सच्या मांडीला मांडी लावून. तो बोलणारा आणि गाणारा माणूस एकच आहे हे कळायला मला चार महिने लागले. तोवर माझा पक्का समज झाला होता की जगातले मोठे बँड म्हणजे स्टोन्स, झेपेलिन, पिंक फ्लॉइड आणि मायकल स्टॅनली. शिकागोला एका कॉन्फरन्समध्ये जेवणाच्या टेबलावर मी हे ठासून सांगितलं. टेबलावरची सहाही माणसं अमेरिकेतच जन्मलेली, त्यातली दोन पन्नाशीची. एकानेही हे नाव ऐकलेलं नव्हतं. मला वाटलं माझा उच्चार चुकतोय, म्हणून मी कागदावर लिहून दाखवलं.

उच्चार बरोबर होता. फक्त शिकागो क्लीव्हलंड नव्हतं. या गावात त्या बँडने १९८२ च्या ऑगस्टमध्ये ब्लॉसमच्या मोकळ्या रंगमंचावर चार रात्री लावल्या आणि ७४ हजारांहून जास्त माणसं आली. गावाबाहेर मात्र तो कधी तसा चालला नाही. आपल्याकडे एखाद्या तालुक्यात एखाद्या कीर्तनकाराला माणसं बैलगाड्या जुंपून जायची आणि पुढच्या जिल्ह्यात त्याचं नाव विचारलं तर कुणाला ठाऊक नसायचं, तसंच हे. २०२१ च्या मार्चमध्ये तो गेला. जवळजवळ तीस वर्षं तो याच शहराच्या दुपारी बोलत होता. त्या आठवड्यात पाळीला जाताना एका सिग्नलला माझ्या दोन्ही बाजूंच्या गाड्यांतून तेच गाणं येत होतं, काचा बंद असूनही.

तर ते हॉटेल. झालं असं की एका रात्री फोन आला, आपण कोणतं रेडिओ स्टेशन ऐकता, दिवसाला किती वेळ, वय काय. मी सगळं खरं सांगितलं. दोन आठवड्यांनी बोलावणं. मोठ्या हॉलमध्ये नव्वदेक माणसं, गालिच्याला ओलसर वास, मागच्या टेबलावर पांचट कॉफी आणि मऊ पडलेली बिस्किटं. प्रत्येकाला एक पेन्सिल आणि छापील कागदांचा गठ्ठा. समोरचा माणूस म्हणाला, आम्ही गाण्याचा फक्त तुकडा वाजवू, तुम्ही एक ते पाच आकडा द्यायचा. पाच म्हणजे फार आवडतं, एक म्हणजे ऐकवत नाही. ओळखीचं नसेल तर वेगळी चौकट. आवडायचं पण आता कंटाळा आलाय, तर आणखी वेगळी. आणि सुरू झालं. नंबर एक. सात सेकंद. नंबर दोन. सात सेकंद. एकूण सहाशे गाणी.

सात सेकंद म्हणजे किती, ते बसून बघावं एकदा. गाण्याचा मुखडा कसाबसा निघतो आणि हात मागे घेतला जातो. आपल्या लग्नात पंगतीला वाढपी जिलबी ताटात ठेवतो आणि लगेच पुढे सरकतो ना, त्या वेगाने एरोस्मिथ, फॉरिनर, जर्नी, व्हॅन हेलन, एसी-डीसी, टॉम पेटी, क्वीन पुढे सरकत होते. माझ्या शेजारी ब्राउन्सच्या फुटबॉल टीमचं केशरी जाकीट घातलेला एक थोराड माणूस होता. तो दुसऱ्या सेकंदाला आकडा लिहून पेन्सिल खाली ठेवायचा आणि पुढचे पाच सेकंद छताकडे बघत डोलायचा. मला निदान चार सेकंद लागायचे, त्यामुळे मी डोलायला कधी मोकळीच नव्हते. मध्येच 'हॉटेल कॅलिफोर्निया' आलं. पुण्यात आमच्या हॉस्टेलसमोरच्या कट्ट्यावर चार वर्षं, दर शनिवारी, तेच चुकीचं कॉर्ड लावून मुलांनी ते वाजवलेलं. मी सूड घ्यावा तसा त्याला दोन आकडा दिला. सांगायला नको, त्याचं काहीही वाकडं झालं नाही. आजही रोज लागतं.

त्यामागचं गणित मला त्या रात्री कळलं नव्हतं, पुढे वाचत गेले तसं कळलं. आपल्याला वाटतं रेडिओवर लोकांना सर्वांत जास्त आवडणारं गाणं लावत असतील. तसं नाही. समजा एखाद्या गाण्याला अर्ध्या हॉलने पाच दिले आणि अर्ध्या हॉलने एक. सरासरी तीन. दुसऱ्याला सगळ्यांनी निमूटपणे चार दिले. जिंकलं दुसरं. पहिल्या गाण्यासाठी जीव टाकणारी माणसं असतात, पण ते लागलं की अर्ध्या गाड्यांमधले हात बटणाकडे जातात, आणि रेडिओवाल्याचं पोट भरतं ते जाहिरातींवर. दोन जाहिरातींच्या मध्ये माणूस पळू नये एवढ्यासाठी गाणं असतं. म्हणजे सगळ्यांत जास्त लागणारं गाणं हे कुणाचंच नावडतं नसलेलं गाणं असतं. लग्नाच्या जेवणातली बटाट्याची भाजी. तिच्यासाठी कुणी लग्नाला जात नाही, आणि ती नको असंही कुणी म्हणत नाही.

२०१४ साली फाइव्हथर्टीएट या आकडेवारीवर लिहिणाऱ्या साइटने अमेरिकेतली २५ क्लासिक रॉक स्टेशनं आठवडाभर टिपली होती. ३७ हजारांहून जास्त वेळा गाणं वाजलं, त्यात वेगळी गाणी सुमारे २,२००, गाणारे पावणेपाचशेच्या आसपास; पण पहिल्या २५ जणांनीच जवळजवळ अर्धी वेळ खाल्ली. अग्रभागी झेपेलिन, व्हॅन हेलन, रोलिंग स्टोन्स. झेपेलिन तिथं का, हे कळायला आकडे लागत नाहीत. त्यांच्याकडे एक-दोन नव्हे, चांगली वीस-पंचवीस 'चार आकड्याची' गाणी आहेत, त्यामुळे स्टेशनला तीच ती गाणी न लावताही तेच ते गाणारे लावता येतात. आणि 'स्टेअरवे टू हेवन' १९७१ मध्ये आलं तेव्हा अमेरिकेत ते सुटं विकायला काढलंच नाही. ऐकायचं तर अख्खी एलपी घ्या, नाहीतर रेडिओपाशी बसून वाट बघा. लोक बसले. आठ मिनिटांचं गाणं आणि एफएम रेडिओ दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून मोठे झाले. उलट बोस्टन बघा. टॉम शोल्झ हा पोलरॉइड कंपनीतला इंजिनिअर, घराच्या तळघरात रात्री टेप जोडत बसायचा. १९७६ ची पहिली एलपी, तीत आठच गाणी, आणि आठही आजतागायत रेडिओवर. त्यातलं ते 'मोअर दॅन अ फीलिंग' तर खुद्द रेडिओवरच्या जुन्या ओळखीच्या गाण्याबद्दलच आहे. इंजिनिअरने जणू परीक्षेचा पेपर आधीच बघून गाणं रचलं.

पेपर नंतर आला, हे खरं. १९८५ मध्ये मिशिगनच्या लॅन्सिंगमध्ये फ्रेड जेकब्झ नावाच्या सल्लागाराने फक्त जुनं रॉक लावणारं स्टेशन उभं केलं, ते चाललं, आणि मग गावोगावी तशीच निघाली. त्याआधीच्या रॉक स्टेशनांचं लक्ष गोऱ्या तरुण मुलांवर होतं, म्हणून 'क्लासिक' ठरलं तेही त्याच पोरांचं. आमच्या स्टेशनवर बाई म्हणजे हार्ट, फ्लीटवुड मॅक, पॅट बेनाटर, आणि मग परत गडीच गडी. काळा माणूस म्हणजे जिमी हेंड्रिक्स. ज्या चक बेरीच्या गिटारीवरून स्टोन्स उभे राहिले तो इथं लागत नाही. तो 'फार जुना'. मग १९९६ चा कायदा आला, एका कंपनीने किती स्टेशनं घ्यावीत यावरची देशभराची मर्यादा उठली, आणि एकेका मालकाकडे शेकड्याने स्टेशनं जमा झाली. एका गावातल्या हॉटेलात भरलेले आकडे दुसऱ्या गावातही चालायला लागले. आणि एवढं वाजूनही अमेरिकेत एफएमवर गाणं लागल्याचे पैसे लिहिणाऱ्याला मिळतात, गाणाऱ्याला नाही. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा तिला बाकी कशाहीपेक्षा याचाच राग आला.

हे सगळं वाईटच, असं म्हणायला मी गेले तर मला अण्णा आठवतात. वडील. मिरज जंक्शनला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. फडताळावर क्रोशाचं कव्हर घातलेला रेडिओ, आणि त्यावर सांगली आकाशवाणी. 'आपली आवड' लागलं की अण्णा दाढीचा ब्रश हातात धरून उभे. गाण्याआधी नावांची माळ: तासगावहून अमुक, विट्याहून तमुक, कवठेमहांकाळहून अख्खं कुटुंब. आणि मग गाणं तेच, जे गेल्या आठवड्यात लागलेलं. मी एकदा विचारलं होतं, "अण्णा, परत हेच?" ते म्हणाले, "लोकांनी मागितलंय. आपण कोण?" पण मागायला ते स्वतःही मागायचे. १५ पैशांचं पोस्टकार्ड, बारीक मोडीवळणाचं अक्षर, आणि दर वेळी एकाच जुन्या नाटकातलं एकच पद, जे त्यांनी लहानपणी एकदा ऐकलं होतं. ते कधी लागलं नाही. अण्णांचा सिद्धान्त असा की ज्या गाण्याला जास्त नावं त्याचा नंबर लागतो, आणि या पदाला मिरजेतून एकच नाव होतं. आई म्हणायची, मग दुसरं मागा की, निदान नाव तरी येईल रेडिओवर. यावर ते फक्त ब्रश वाटीत बुडवायचे.

मला वाटतं मी त्या हॉलमध्ये तासगाव-विट्याच्या बाजूने बसले होते. अण्णांच्या बाजूने नाही.

कारण कुठेतरी साडेतीनशेव्या नंबरच्या आसपास एक तुकडा आला. पियानो, ढिला, झोपेत चालल्यासारखा, आणि त्यावर एक कातर आवाज. सात सेकंदांत काही घडलंच नाही. मी 'ओळखीचं नाही'च्या चौकटीत फुली मारली. बाजूला बघितलं तर केशरी जाकीटवाल्याने पहिल्यांदाच पेन्सिल लगेच खाली ठेवली नव्हती. तो माझ्याकडे वळून, गुन्हा केल्यासारखं, हळूच म्हणाला, "हे असं तोडून कसं काय ऐकायचं?" पुढचा नंबर सुरू झाला. दोन वर्षांनी लॅबमधल्या त्याच सहकाऱ्याने एक सीडी दिली, ट्रॅफिक या बँडची. अकरा मिनिटांहून मोठं गाणं, 'द लो स्पार्क ऑफ हाय हील्ड बॉइज'. सुरुवातीला काहीच नाही, मग अंधारात कुणीतरी दिवा हळूहळू मोठा करावा तसा तो पियानो. आलापीसारखं; घाई नाही, सूर एकेक करून बसवत येतात. मध्ये कुठेतरी ते माझे सात सेकंद आले. मी गाडी बाजूला घेतली. बाकीच्या अकरा मिनिटांमध्ये ते सात सेकंद इतके बरोबर बसत होते, आणि एकटे असताना ते इतके मुके होते. माझ्या एका फुलीने ते गाणं रेडिओवरून गेलं असं मी म्हणत नाही, तेवढी माझी पत नाही. पण आमच्या स्टेशनवर मी ते त्यानंतर ऐकलेलं नाही. नव्वद माणसं होतो. किती जणांनी तीच चौकट निवडली असेल, हे मी कधी कधी झोप येत नसली की मोजत बसते.

याच गावात याच्या अगदी उलट एक गोष्ट घडलेली आहे, म्हणून मनाला जास्त लागतं. १९७४. डब्ल्यूएमएमएस हे क्लीव्हलंडचं त्या काळचं गाजलेलं रॉक स्टेशन. तिथं कोणती गाणी लावायची हे बघायला डॉना हॅलपर नावाची तरुण बाई होती. कॅनडातून एक रेकॉर्ड आली. तिकडच्या मोठ्या कंपन्यांनी नाकारलेल्या, स्वतःच छापून घेतलेल्या बँडची. नाव रश. रेडिओवर बसणाऱ्यांना एक लांब गाणं कायम हाताशी लागतं, ते लावून लघवीला जाऊन येता येतं. हॅलपरबाईंनी तसलंच लांब गाणं शोधून सुई ठेवली. 'वर्किंग मॅन', सात मिनिटांहून थोडं जास्त. सकाळी उठून कामावर जाणाऱ्या, परतल्यावर थंड बिअर काढणाऱ्या माणसाचं गाणं. पोलादाच्या भट्ट्यांचं गाव हे. बाईंना ऐकता ऐकताच कळलं की हे इथलं आहे. लावल्याबरोबर फोन वाजू लागले, लोकांना वाटलं झेपेलिनचं नवीन काहीतरी आहे. त्यातून रशला अमेरिकेत कंपनी मिळाली, आणि आज तेच रश त्या तीन-चारशे गाण्यांत कायमचे मुक्कामाला आहेत. म्हणजे आज जे पाठ झालंय, ते एकेकाळी कुणा एकाच्या कानाने, तेही लघवीच्या निमित्ताने, आत घेतलेलं होतं. लंडनमध्ये १९७५ ला केनी एव्हरेट या निवेदकाने 'बोहेमियन रॅप्सडी' शनिवार-रविवारात चौदा वेळा लावलं होतं, तेही आत्ता लावू नकोस म्हणून सांगितलेलं असताना. चौदा वेळा! ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या बोर्डिंगात वाढला, पहिला बँड त्याने तिथंच काढला. आम्ही सातवीच्या सहलीत त्याच गावात टेबललँडवर घोड्यावर बसून फोटो काढत होतो, आम्हाला कुणी सांगितलं नाही. पण मुद्दा तो नाही. तेच गाणं पुन्हा पुन्हा लावण्यातही फरक असतो. एव्हरेटला राहवत नव्हतं म्हणून लागत होतं.

आणि तरीही. मध्यरात्री पाळी संपवून, मास्कचे वळ गालांवर घेऊन पार्किंगमध्ये यावं, गाडी सुरू करावी आणि टॉम पेटी लागावा, तेव्हा मला अकरा मिनिटांचा ट्रॅफिक नको असतो. २०२० मध्ये तर मुळीच नको होता. पुढची ओळ काय येणार हे आधीच माहीत असण्यासारखं सुख तेव्हा दुसरं नव्हतं. लेक म्हणते, तू कंटाळा आलाय म्हणतेस आणि बदलत पण नाहीस. बरोबर आहे तिचं. माझ्या फोनमध्ये मराठी गाण्यांची एक यादी आहे, वीस वर्षांत तिच्यात एकूण चाळीस गाणी झाली. माझ्या स्वयंपाकघरात कुणी सल्लागार येऊन बसलेला नाही.

जूनमध्ये अंधारातले तास भरायचे होते. आम्ही लेक ईरीच्या काठाने पश्चिमेला निघालो, बे व्हिलेजकडे. दिवसभर उकाडा, वारा पडलेला, पाणी अजून गार. अशा रात्री तळ्यावर गार हवेचा थर बसतो आणि त्याच्या आधाराने पलीकडच्या काठावरची, ऑन्टॅरिओतली स्टेशनं शंभरेक किलोमीटर घसरत इकडे येतात. मी लेकीला म्हटलं, बटण फिरवून बघ. मग आठवलं ती चालवतेय, मीच फिरवलं. खरखर, प्रवचन, खरखर, बेसबॉल, आणि मग एकदम स्वच्छ, शेजारच्या खोलीतून यावी तशी गिटार. बाई गात होती. पुरेपूर सत्तरच्या दशकातला आवाज, जवारी अशी की दाढेत जाणवावी. कॅनडात १९७१ पासून कायदाच आहे, रेडिओवर ठरावीक वाटा तिकडच्याच गाण्यांचा हवा, आता ३५ टक्के. त्यामुळे तिकडच्या क्लासिक रॉकमध्ये अशी कितीतरी माणसं आहेत जी तळं ओलांडून कधी आलीच नाहीत. तिकडचे मायकल स्टॅनली.

"कोण आहे ही?" लेकीने विचारलं.

"माहीत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. या रेडिओवरचं मला न येणारं गाणं तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं असावं. "शझाम कर ना." गाणं ऐकून नाव सांगणारं ते अ‍ॅप. पण फोन माझ्या पर्समध्ये, पर्स डिकीत. "थांब, सांगतील शेवटी," मी म्हटलं. तिने आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला घेतली, मी न सांगता. काचा खाली केल्या. पाण्याचा वास आत आला, कुजक्या शेवाळाचा आणि कुणाच्या तरी शेकोटीचा. गाणं संपत आलं, निवेदिका बोलायला लागली, "आणि या होत्या," एवढं म्हणाली, आणि तिथंच थर हलला. खरखर. मी बटणाला हात लावला नाही. अर्ध्या मिनिटाने आवाज परत आला तेव्हा ती उद्याचं हवामान सांगत होती, कमाल सव्वीस.

"सव्वीस म्हणजे किती?"

"एकोणऐंशी फॅरनहाइट."

लेकीने मागचं बघून गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. अंधारातले अजून सहा तास बाकी होते.